विद्यार्थ्याला हक्काचे छप्पर : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. न्यूयॉर्कच्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासोबत ते राहिले. तेथे जात आड आली नाही. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा मात्र त्या उच्चविद्याविभूषितास कोणी खोली देईना. पारशी नाव धारण करून ते पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. पुढे लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर भाड्याने राहून त्यांनी अध्ययन पूर्ण केले. निवाऱ्यावाचून विद्या खुंटते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणूनच १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह उघडले. आपले वसतिगृह त्याच परंपरेतील आहे.