सरखेल कान्होजी आंग्रे

आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते आणि बुऱ्हाणपूरचे कापड पूर्वी त्याच सुरतेच्या बंदरातून परदेशी जाई. त्या समुद्रावर एके काळी कोणाचा दस्तक चालत होता, हे दापोऱ्याच्या मुलांनाही ठाऊक असावे, म्हणून यंदा आम्ही कान्होजींचे चरित्र घेतले आहे.

कोकणपट्टीवरून जाणाऱ्या गलबताने कान्होजींचा दस्तक घ्यायचा, नाही तर माल जप्त! इंग्रज त्यांना समुद्री चाचा म्हणत. पोर्तुगीज तर फार आधीपासून असेच परवाने देत होते. त्यांना मात्र कोणी चाचे म्हटले नाही.

पण आम्हाला कान्होजी मोठे वाटतात ते 1713 सालच्या पेचामुळे. ते तेव्हा ताराबाईंच्या पक्षाचे. शाहू महाराजांनी पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केले. साताऱ्यावर चालून जाणे हाताशी होते. बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला आले, जुनी ओळख कामी आली आणि तह झाला. पिंगळे सुटले. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले; सरखेली व किल्ले त्यांच्याकडे राहिले. घरची लढाई टळली, म्हणूनच पुढे परक्यांशी लढता आले.

विजयदुर्ग, खांदेरी येथे इंग्रज हरले. 1721 मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. बाजीरावांची कुमक पोहोचली, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला, इंग्रज हात हलवत परतले.

4 जुलै 1729 रोजी कान्होजी निवर्तले. समाधी अलिबागेत आहे. मुंबईतील नौदलाच्या तळाचे नाव 'आयएनएस आंग्रे'.