आंग्रे नावाचा तळ

इंग्रजांच्या दप्तरात कान्होजी आंग्रे शेवटपर्यंत चाचेच राहिले. वास्तविक ते मराठ्यांचे सरखेल. त्यांचे दस्तक घेतल्याखेरीज कोकणपट्टीत व्यापारी गलबत निर्धास्त फिरत नसे. कंपनीला ते दस्तक अमान्य, म्हणून हा शिक्का! १७१८ मध्ये खांदेरीवर इंग्रज हरले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांसह कुलाब्यावर चालून आले, तेही व्यर्थ. १७२९ मध्ये कान्होजी वारले.

१९५१ मध्ये मुंबईच्या नौदल-तळाचे ‘डलहौसी’ हे नाव जाऊन ‘आंग्रे’ आले. सातारचे राज्य खालसा करणाऱ्याच्या जागी सातारकर शाहू छत्रपतींचा सरखेल! नौदलात किनाऱ्यावरील तळालाही जहाजासारखेच नाव देतात, हे खरे. तरीही एखाद्या लढाऊ जहाजाला ते अधिक शोभले असते, असे वाटते. त्यांच्या खांदेरीचे नाव तर १९६८ मध्ये पाणबुडीला मिळाले.