विल्यम फ्रेडरिक पूल आणि नियतकालिकांची विषयसूची

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यास ग्रंथांइतकेच नियतकालिकांकडेही वळावे लागते. त्या काळी कादंबऱ्या क्रमशः मासिकांतून येत आणि ग्रंथांची विस्तृत परीक्षणे त्रैमासिकांतून, बहुधा लेखकाच्या नावाशिवाय, प्रसिद्ध होत. हा सारा मजकूर हजारो खंडांत विखुरलेला आहे. त्यात एखाद्या विषयावरील लेख नेमका कोठे आहे हे सांगणारे पहिले मोठे साधन म्हणजे विल्यम फ्रेडरिक पूल यांची सूची होय. संदर्भग्रंथ म्हणून तिचे नाव परिचित असले, तरी तिच्या कर्त्याचे चरित्र साहित्याच्या अभ्यासकांना सहसा ठाऊक नसते. वस्तुतः या सूचीतील सोयी आणि तिच्यातील उणिवा या दोहोंचाही उलगडा त्या चरित्रातून होतो.

पूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८२१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम या गावी झाला. घरची स्थिती बेताची असल्याने त्यांचे शिक्षण सलग होऊ शकले नाही. १८४२ मध्ये त्यांनी येल महाविद्यालयात प्रवेश घेतला. परंतु वर्षभरातच पैशाअभावी ते सोडून त्यांना शिक्षकाची नोकरी पत्करावी लागली. तीन वर्षांनी, १८४६ मध्ये, ते परत आले आणि १८४९ मध्ये पदवीधर झाले. म्हणजे सूचीच्या कामाला त्यांनी हात घातला तेव्हा ते पंचविशी ओलांडलेले, शिकवण्याचा अनुभव असलेले विद्यार्थी होते. या गोष्टीला महत्त्व आहे. विद्यार्थ्याला काय अडते हे त्यांना दोन्ही बाजूंनी कळले होते.

येलमध्ये त्या काळी विद्यार्थ्यांची वादविवाद मंडळे फार जोमात होती. त्यांपैकी ‘ब्रदर्स इन युनिटी’ या मंडळाचे स्वतःचे चांगले समृद्ध ग्रंथालय होते. वादविवादाचा विषय जाहीर झाला की विद्यार्थी ग्रंथालयात येत आणि त्या विषयावर काय वाचावे, असे विचारीत. मंडळाचे ग्रंथपाल जॉन एडमंड्स यांनी अशा विषयांसाठी उपयुक्त संदर्भांची एक लहानशी यादी १८४७ मध्ये छापली होती. पूल त्यांचे साहाय्यक म्हणून काम पाहत. ग्रंथालयातील कपाटांत इंग्लंड-अमेरिकेतील प्रतिष्ठित नियतकालिकांचे बांधीव खंड ओळीने लावलेले होते. वादाच्या विषयांवरील उत्तमोत्तम लेख त्यांतच होते. आणि नेमके तेच खंड कोणी उघडत नव्हते. कारण साधे होते. प्रत्येक खंडाची अनुक्रमणिका त्या खंडापुरतीच असे. एका प्रश्नासाठी शेकडो अनुक्रमणिका चाळण्याइतका वेळ कोणत्याही विद्यार्थ्याजवळ नसतो.

पूल यांनी हे खंड एकेक करून चाळले, लेखांचे विषय टिपले आणि ते वर्णानुक्रमाने लावले. आरंभी हे केवळ हस्तलिखित होते. परंतु विद्यार्थ्यांनी ते इतके हाताळले, की ते फाटून नाहीसे होण्याआधी छापणे आवश्यक ठरले. १८४८ मध्ये न्यूयॉर्क येथील पटनम यांनी ही १५४ पृष्ठांची सूची प्रसिद्ध केली. तिच्या प्रती लवकरच संपल्या. परदेशांतूनही मागणी आली. पदवी हाती येण्यापूर्वीच एका विद्यार्थ्याने तयार केलेले साधन दूरदूरच्या ग्रंथालयांना हवेसे वाटले, यावरून ही उणीव किती व्यापक होती याची कल्पना येते.

१८५३ मध्ये सूचीची दुसरी आवृत्ती निघाली. ती ५२१ पृष्ठांची होती. तोवर पूल बॉस्टन येथील मर्कंटाइल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले होते. १८५६ मध्ये ते बॉस्टन अथेनियम या नामवंत ग्रंथालयात गेले आणि १८६९ पर्यंत तेथेच राहिले. पुढे सिनसिनाटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाची धुरा त्यांनी वाहिली आणि १८७४ च्या आरंभी ते शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे पहिले ग्रंथपाल झाले. १८७१ च्या भीषण आगीनंतर या ग्रंथालयाची स्थापना झाली होती. इंग्लंडमधून देणगीदाखल आलेली पुस्तके आणि आगीतून वाचलेली पाण्याची एक जुनी टाकी हे त्याचे प्रारंभीचे भांडवल. त्या टाकीतच १८७३ मध्ये वाचनालय उघडण्यात आले होते. पूल यांनी तेथे तेरा वर्षे काम केले. सार्वजनिक ग्रंथालयाने लोकांच्या पैशातून कादंबऱ्या घ्याव्यात काय, हा वाद तेव्हा ऐरणीवर होता. पूल यांनी कादंबरीवाचकांची बाजू घेतली. हलके वाचन करणारा वाचक हळूहळू वरच्या पायरीवर चढतो, अशी त्यांची धारणा होती. स्वभावाने ते हटवादी म्हणावेत इतके ठाम होते. ड्यूई यांची दशांश वर्गीकरणपद्धती त्यांनी स्वीकारली नाही. ग्रंथपालन शाळेत शिकवून येते यावरही त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

या दोन दशकांत सूचीचे काय झाले? काही झाले नाही, हेच उत्तर द्यावे लागते. नियतकालिकांची संख्या भराभर वाढत होती, १८५३ ची आवृत्ती दुर्मीळ आणि जुनी झाली होती, आणि नव्या आवृत्तीसाठी पूल यांच्याकडे सतत विचारणा होत होती. परंतु मोठ्या ग्रंथालयाचा कारभार सांभाळून एकट्याने हे काम करणे अशक्य आहे, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. येलमध्ये जे काम एका कपाटासमोर बसून झाले होते, ते आता एका व्यक्तीच्या आवाक्यापलीकडे गेले होते.

कोंडी फुटली ती १८७६ मध्ये. त्या वर्षी फिलाडेल्फिया येथे अमेरिकेतील ग्रंथपाल एकत्र आले आणि अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची स्थापना झाली. या मेळाव्यात पूल यांच्या सूचीचा प्रश्न निघाला आणि एक योजना आकारास आली. प्रत्येक सहभागी ग्रंथालयाने एक किंवा अधिक नियतकालिके आपल्याकडे घ्यावीत, ठरवून दिलेल्या नियमांनुसार त्यांतील लेखांच्या नोंदी कराव्यात आणि त्या मध्यवर्ती संपादकाकडे पाठवाव्यात. संपादकाने त्या एकत्र करून, एका वर्णक्रमात लावून छापाव्यात. पुढच्या वर्षी लंडन येथे भरलेल्या ग्रंथपालांच्या परिषदेला पूल उपस्थित राहिले आणि ब्रिटिश ग्रंथालयांनाही या कामात ओढण्याचा त्यांनी प्रयत्न केला. हार्टफर्ड येथील वॉटकिन्सन ग्रंथालयातील विल्यम आय. फ्लेचर सहसंपादक झाले. या श्रमांबद्दल ग्रंथालयांना मोबदला नव्हता. दैनंदिन काम उरकून ग्रंथपालांनी आणि त्यांच्या साहाय्यकांनी या नोंदी केल्या. त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाच्या स्मरणात नाहीत; तथापि ग्रंथालयांच्या परस्परसहकार्याचे इतके मोठे दुसरे उदाहरण त्यापूर्वी दाखविता येणार नाही.

१८८२ मध्ये बॉस्टनहून तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. २३२ नियतकालिकांचे सहा हजारांवर खंड तिच्यात समाविष्ट होते आणि तिची पृष्ठसंख्या चौदाशेच्या पुढे गेली होती. १८०२ पासून १८८१ पर्यंतचा काळ एका ग्रंथात आला.

साहित्याच्या अभ्यासकाने या सूचीची रचना मात्र बारकाईने समजून घेतली पाहिजे. अन्यथा ती दिशाभूल करते. सूची विषयवार आहे, लेखकवार नाही. वादविवादासाठी आलेला विद्यार्थी विषय घेऊन येतो, लेखकाचे नाव घेऊन नव्हे. १८४८ चा तो विद्यार्थी १८८२ च्या आवृत्तीतही ग्राहक म्हणून गृहीत धरलेला आहे. लेखकाचे नाव माहीत असेल तेथे ते विषयशीर्षानंतर कंसात दिले जाते, पण त्या नावाखाली स्वतंत्र नोंद नाही. एखाद्या समीक्षकाचे सर्व लेख शोधायचे असतील, तर त्याने कोणकोणत्या विषयांवर लिहिले हे आधीच ठाऊक असावे लागते. ग्रंथपरीक्षणांच्या बाबतीत नियम आणखी वेगळा आहे. वैचारिक किंवा ऐतिहासिक ग्रंथाचे परीक्षण त्या ग्रंथाच्या विषयाखाली सापडते. कथा-कादंबरी, काव्य यांचे परीक्षण मूळ साहित्यकृतीच्या लेखकाखाली सापडते. स्वतंत्र कथा व कविता त्यांच्या शीर्षकातील पहिल्या शब्दाखाली लावल्या आहेत. हा भेद लक्षात न घेता शोध घेणाऱ्यास परीक्षण छापलेच गेले नाही असे वाटण्याचा संभव असतो.

याहून गंभीर बाब म्हणजे नोंदीत वर्ष नाही. नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, खंडाचा क्रमांक आणि प्रारंभीचे पृष्ठ, एवढेच दिलेले असते. मराठी वाचकाला ओळखीचे उदाहरण घ्यावयाचे तर मेकॉलेचा मिल्टनवरील निबंध घेता येईल. चिपळूणकरांच्या पिढीने ज्या मेकॉलेच्या शैलीवर लुब्ध होऊन लिहिले, त्याचा हा गाजलेला निबंध ‘एडिंबरो रिव्ह्यू’मध्ये निनावी प्रसिद्ध झाला होता. अशा लेखासाठी पूल यांच्या पद्धतीने खंड ४२, पृष्ठ ३०४ एवढा पत्ता मिळतो. तो १८२५ मधील आहे हे तेथे कळत नाही. जागा वाचावी म्हणून वर्ष गाळले गेले आणि त्याऐवजी नियतकालिकांचे खंड व वर्षे यांचा मेळ घालणारा एक तक्ता ग्रंथाच्या आरंभी जोडण्यात आला. शिवाय एखाद्या नियतकालिकाने नवी मालिका सुरू करून खंडांचे आकडे पुन्हा एकपासून मोजले असतील, तर पूल यांनी ते मानले नाहीत. आरंभापासून सलग क्रम धरला. त्यामुळे सूचीतील खंडक्रमांक आणि प्रत्यक्ष खंडाच्या पाठीवरील क्रमांक यांत अनेकदा अंतर पडते. ग्रंथालयात सर्व खंड एका रांगेत उभे असताना ही युक्ती सोयीची होती. पण वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला लेख कोणी लिहिला आणि केव्हा लिहिला, हेच दोन प्रश्न प्रथम पडतात. आणि पूल यांच्या सूचीत नेमकी याच दोहोंना दुय्यम जागा आहे. त्यांना दोष द्यावा असे यात काही नाही. त्यांच्यासमोर वाचक होता, इतिहासकार नव्हता. विशेष हे, की पूल स्वतः इतिहासकार होते. सेलम येथील चेटूक-खटल्यांवर त्यांनी साक्षेपाने लिहिले, कॉटन मेदरच्या बाजूने वाद घातला, आणि अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचे अध्यक्षपदही भूषविले. तरीही सूची करताना त्यांच्यातील ग्रंथपालाने इतिहासकाराला बाजूला सारले.

मराठीतील स्थिती याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये निघाले, ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये. त्या काळातील मराठी मासिकांतूनही निनावी व टोपणनावी लेखन विपुल आहे. शंकर गणेश दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी सिद्ध केलेली १८०० ते १९५० या काळातील नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने प्रकाशित केली तोवर मराठी संशोधकाची अवस्था येलमधील त्या विद्यार्थ्यांसारखीच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

१८८७ मध्ये पूल शिकागो सार्वजनिक ग्रंथालय सोडून त्याच शहरातील न्यूबेरी ग्रंथालयाचे पहिले ग्रंथपाल झाले. विद्वानांसाठी स्थापन झालेल्या या ग्रंथालयाची इमारत कशी असावी याविषयी त्यांची मते पक्की होती. उंच सज्जांची भव्य दालने त्यांना मान्य नव्हती. प्रत्येक विषयाला स्वतंत्र खोली असावी आणि वाचकाने पुस्तकांच्या सान्निध्यात बसावे, असा त्यांचा आग्रह होता. वास्तुविशारद हेन्री आयव्ह्स कॉब यांच्याशी त्यावरून त्यांचा संघर्षही झाला. १ मार्च १८९४ रोजी शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन येथे पूल यांचे निधन झाले.

सूचीचे काम थांबले नाही. फ्लेचर यांनी पुरवण्यांचा भार उचलला आणि पाचवी, शेवटची पुरवणी १९०८ मध्ये निघाली. सर्व खंड मिळून ४७९ नियतकालिकांच्या १२,२४१ खंडांतील सुमारे ५,९०,००० लेखांच्या नोंदी झाल्या. दरम्यान विल्सन कंपनीची वाचकमार्गदर्शक सूची सुरू झाली होती. तीत लेखक आणि विषय दोन्ही एका क्रमात होते, आणि तारीखही होती. चालू नियतकालिकांसाठी पूल यांची पद्धत तेथे मागे पडली. जुन्या शतकासाठी मात्र त्यांच्या सूचीला पर्याय नव्हता, म्हणून नंतरच्या अभ्यासकांनी तिच्यातील उणिवा एकेक करून भरून काढल्या. १९५७ मध्ये बेल आणि बेकन यांनी खंडांवरून वर्ष काढून देणारी किल्ली प्रसिद्ध केली. १९६६ पासून वॉल्टर हाउटन यांच्या संपादनाखाली ‘वेलस्ली इंडेक्स’चे खंड निघू लागले आणि व्हिक्टोरियन काळातील प्रमुख नियतकालिकांतील निनावी लेखांचे कर्ते निश्चित होऊ लागले. १९७१ मध्ये एडवर्ड वॉल यांनी पूल यांच्या सर्व खंडांत कंसांत दडलेली लेखकांची नावे बाहेर काढून त्यांची स्वतंत्र वर्णानुक्रमी सूची तयार केली.