महाडचे तळे ते नागसेनवन

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला, हे आपल्या शाळेतील लहान मूलही सांगते. कोलंबिया, लंडन, ग्रेज इन या त्यांच्या विद्येच्या पायऱ्याही सर्वांना पाठ आहेत. त्यांची उजळणी येथे करीत नाही. दुसऱ्याने बहाल केलेला हक्क समाजात रुजतो काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे आयुष्यभर उभा राहिला. त्याच अंगाने हे चरित्र पाहावयाचे आहे.

मुंबई कायदेमंडळाने 1923 साली बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळ्यापुरता तसाच ठराव केला. तथापि ठराव कागदावर राहिला आणि तळे होते तेथेच राहिले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. त्याच दिवशी सत्याग्रहींवर हल्ला झाला, काही महिन्यांत नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल हाती येण्यास 1937 साल उजाडावे लागले.

गोलमेज परिषदेतील त्यांच्या झुंजीचे फळ म्हणून ऑगस्ट 1932 मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर केला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत मिळाले. परंतु संबंधित समाजांनी आपसात तडजोड केल्यास निवाडा बदलण्याची मुभा सरकारने ठेवलीच होती. 20 सप्टेंबरला गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि 24 सप्टेंबरला येरवड्यात पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा 71 वरून 148 झाल्या, मात्र प्रतिनिधी निवडण्याची अंतिम सत्ता बहुसंख्याकांच्या मतांकडे गेली. या कराराबद्दल बाबासाहेबांना दोष देणाऱ्यांनी त्या चार दिवसांत देशभरच्या खेड्यांतील आपल्या वस्त्यांवर कोणते सावट होते, याचा विचार करावा. लंडनने दिलेले महिना-दीड महिन्यात निसटले. 1946 साली कॅबिनेट मिशनने अस्पृश्यांचा स्वतंत्र घटक म्हणून विचार केला नाही, तेव्हा ते पुन्हा लंडनला गेले आणि रित्या हाताने परतले.

यानंतर त्यांनी सारी शक्ती देशाच्याच घटनेत लावली. 29 ऑगस्ट 1947 रोजी ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. 29 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. तरीही कायद्याने मन बदलते असा भ्रम त्यांनी बाळगला नाही. 1952 च्या निवडणुकीत खुद्द घटनेच्या शिल्पकारालाच मुंबईत पराभव पाहावा लागला.

आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या संस्थानात होता. निजामाची बाजू घेऊ नका, असे बाबासाहेबांनी 1947 मध्येच हैदराबादच्या दलितांना बजावले होते. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आपली जुनी माणसे याला आजही पोलीस ॲक्शन म्हणतात. राजवट पाच दिवसांत पालटली. पाटलाचा वाडा, गावकुसाबाहेरची वस्ती आणि वेगळा पाणवठा मात्र जागच्या जागी राहिले. फौजेला ते काम करता येण्याजोगे नव्हतेच.

ते काम ज्याने करता येईल, ते साधन घेऊन बाबासाहेब मराठवाड्यात आले. 1945 साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे त्यांनी जून 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पूर्णा, परभणी, सेलूकडची मुले मीटरगेजच्या गाडीने तेथे पोहोचू लागली आणि वसतिगृहात राहून शिकू लागली. शेतमजुराचा मुलगा प्राध्यापकापुढे उभा राहून शंका विचारू लागला.

महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनाचे. मिलिंद हा ग्रीक वंशाचा, परका राजा. राजा म्हणून वाद घालणार असाल तर नाही, पंडित म्हणून घालणार असाल तर बोलू, अशी अट भिक्खू नागसेनांनी त्याला घातली होती, आणि राजाने ती मान्य केली होती.