सावित्रीबाई फुले : शिक्षिका आणि तिची विद्यार्थिनी

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० साली जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि अक्षरओळखही सासरीच, पतीकडून झाली. स्त्रीने हाती पुस्तक धरणे हाच अधर्म समजला जाण्याचा तो काळ होता. अशा काळी, १८४८ मध्ये, पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर चिखल व शेण फेकले जाई. त्या एक जादा लुगडे बरोबर नेत, शाळेत पोहोचल्यावर ते नेसत आणि शिकवावयास उभ्या राहत.

पुढे फुले दांपत्याने महार-मांग आदी जातींच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. या शिक्षणाचे फळ १८५५ साली दिसून आले. शाळेत केवळ तीन वर्षे शिकलेल्या, चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. वेदांवर आपला अधिकार नसेल तर आपला धर्म तरी कोणता, असा प्रश्न तिने त्यात थेट ईश्वरालाच विचारला. उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या स्त्रियांच्या यातना मांडून तिने जातिबांधवांना विद्येची वाट धरण्याची विनवणी केली. पाठांतराने असे धैर्य येत नाही. रोज अपमान सोसूनही वर्गात ताठ मानेने उभी राहणारी शिक्षिका या मुलांच्या डोळ्यांसमोर होती. तो धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता.

सातासमुद्रापार अमेरिकेतही याच जातीचे कार्य घडत होते. १८६२ साली शार्लट फोर्टन ही कृष्णवर्णीय तरुणी दक्षिण कॅरोलिनातील एका बेटावर, नुकत्याच दास्यमुक्त झालेल्यांच्या मुलांना शिकवावयास गेली. मेरी मॅक्लाउड बेथून यांनी १९०४ साली फ्लोरिडात अवघ्या पाच मुलींना घेऊन शाळा आरंभिली. गुलामीची प्रथा मोडणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना जोतीरावांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला होता. दोन्हीकडील दास्याचे नाते त्यांनी नेमके ओळखले होते.

१८९० मध्ये जोतीराव निवर्तले. त्यानंतर सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाची धुरा वाहिली. विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंतला या दांपत्याने दत्तक घेऊन वाढविले होते. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाईंना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले.

शाळेच्या एका बक्षीस समारंभात मुक्ताने खाऊऐवजी ग्रंथालय मागितले, अशी आठवण सांगितली जाते. पवारांच्या देवास संस्थानामुळे माळव्यात मराठी रुजली. देवास-टोंकखुर्दच्या या मुलखात मराठी पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाला त्या मागणीचे मोल निराळे सांगावयास नको. सावित्रीबाईंनी मुलींना वाचावयास शिकविले. त्यांच्या हाती पुस्तके देत राहणे हे मात्र ग्रंथालयांचे काम होय.