बाज उचलणारे चौघे आणि संत जोसेफ वाझ

शुक्रवार, 16 जानेवारी
सामान्य काळातील पहिला आठवडा
संत जोसेफ वाझ, धर्मगुरू (स्मृतिदिन)

पहिले वाचन: 1 शमुवेल 8:4-7, 10-22
स्तोत्र: 89
शुभवर्तमान: मार्क 2:1-12

मनन चिंतन



आजचं शुभवर्तमान आपण लहानपणापासून ऐकत आलोय. कफर्णहूममधलं ते घर, दारापर्यंत दाटलेली गर्दी, आणि चौघांनी उचलून आणलेला पक्षघाती माणूस. आत जायला वाट मिळत नाही म्हणून हे चौघे छपरावर चढतात, छप्पर उघडतात आणि बाज खाली सोडतात. यात एक गोष्ट मी बरीच वर्षं नीट वाचलीच नव्हती. येशू पाहतो तो त्या चौघांचा विश्वास. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल मार्क तिथे काही सांगत नाही. आणि त्या चौघांची नावंही देत नाही.

आज ज्यांचा दिवस आहे ते संत जोसेफ वाझ आपल्या शेजारच्या गोव्याचे. त्यांच्या आयुष्यात अशी बाज उचलणारी माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. आधी त्यांची गोष्ट सांगतो, मग आपल्याकडे येऊ.

जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी गोव्यातल्या सासष्टीत, समुद्राकाठच्या बाणावली गावी झाला. हे त्यांच्या आईचं गाव. वडील जुवारी नदीकाठच्या सांकवाळचे. थोडं शिक्षण सांकवाळला, थोडं बाणावलीला, पुढचं जुन्या गोव्यात. 1676 साली ते धर्मगुरू झाले. त्यानंतर त्यांनी पायातली वहाण सोडली. गावातली गरीब माणसं अनवाणी चालतात, तर आपणही तसंच चालायचं, असं त्यांनी ठरवलं. सांकवाळला परत येऊन त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा सुरू केली.

पुढे 1681 ते 1684 ते कानडा किनाऱ्यावर होते. मंगळूर, बसरूर, गंगोळी या पट्ट्यात गोव्याहून गेलेली पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं राहत होती. तिथली परिस्थिती अवघड होती. धर्मगुरू कमी, आणि त्यात किनाऱ्यावर अधिकार कोणाचा यावर चर्चच्याच दोन यंत्रणांत वाद. वाझ त्या वादात ओढले गेले, पण रोजचं काम थांबलं नाही. गावोगाव पायी फिरायचं, चर्चची डागडुजी करायची, लहान शाळा उघडायच्या, लोकांचे बंधुसंघ उभे करायचे. गावातल्या माणसांनीच एकमेकांची काळजी कशी घ्यायची याचे धडे ते स्वतः तिथे शिकले, असं मला वाटतं. हे शिकलेलं त्यांना पुढे कामी आलं.

तेव्हा श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांची सत्ता होती. 1658 मध्ये त्यांनी पोर्तुगीजांकडून जाफना घेतलं आणि कॅथलिक धर्मगुरूंना बाहेर काढलं. धर्मगुरूला घरात लपवणं हाही मोठा गुन्हा ठरवला. चर्चच्या इमारती डचांच्या पंथाकडे गेल्या. मच्छीमारांच्या आणि शेतकऱ्यांच्या वस्त्यांमधली हजारो कॅथलिक कुटुंबं एकाकी पडली. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याच्या उशाशी फादर नाही. असं एकदोन वर्षं नाही, जवळजवळ तीस वर्षं चाललं.

तिथल्या कॅथलिकांची ही दशा वाझ यांच्या कानावर आली होती. 1685 मध्ये ते जुन्या गोव्यात स्थानिक धर्मगुरूंच्या एका छोट्या संघात सामील झाले आणि त्याचं त्यांनी नीट ओरेटरीत रूपांतर केलं. तिथली घडी बसली तशी ते जॉन नावाच्या सेवकाला घेऊन निघाले. अंगातला झगा उतरवला, मजुराचे कपडे घातले, किनाऱ्याकिनाऱ्यानं तुतिकोरिन गाठलं आणि 1687 साली होडीनं जाफन्याला पोचले.

ते पोचले तेव्हा अक्षरशः मरायला टेकले होते. जोराची हगवण लागली होती. आजार पसरेल या भीतीनं त्यांना जवळ करायला कोणी धजेना. आजच्या भाषेत सांगायचं तर मिशन पहिल्याच आठवड्यात फेल! लोकांना संस्कार द्यायला आलेला माणूस उठून बसूही शकत नव्हता. अशा वेळी एका बाईनं त्यांना पेज आणून दिली. रोज थोडी थोडी पेज. त्या पेजेवर ते जगले. तिचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

मित्रांनो, इथे मी जरा थांबतो. आपण संतांच्या गोष्टी वाचतो तेव्हा आपल्याला नेहमी देणारा संत दिसतो. इथे संत बाजेवर पडलाय, आणि बाज उचलणारी कोणीतरी गावातली बाई आहे. श्रीलंकेतल्या त्या मोठ्या कामाची सुरुवात मातीच्या भांड्यातल्या तांदळाच्या पेजेनं झाली. आपल्याकडेही आजाऱ्याला आधी पेजच देतात ना?

बरे झाल्यावर पुढचा प्रश्न होता, कॅथलिक ओळखायचे कसे? सगळेच लपलेले, उघडपणे विचारायची सोय नाही. मग वाझ यांनी गळ्यात मोठी जपमाळ घातली आणि भीक मागत दारोदार फिरू लागले. दार उघडणाऱ्याची नजर त्या माळेवर गेली की चेहऱ्यावर काय उमटतं ते बघायचं. बहुतेक जण नुसती भीक घालत. पण एका घरातल्या माणसांचे डोळे त्या माळेवर अडकले. हळूहळू ओळख पटली, आणि एक दिवस त्यांनी सांगून टाकलं की आपण धर्मगुरू आहोत. तीस वर्षांची वाट संपली होती!

त्या लोकांनी त्यांना जाफन्याजवळच्या सिल्लालई गावात नेलं. ताडाच्या झाडांचा मुलूख, साधी घरं, श्रद्धेला घट्ट माणसं. तिथे राहून ते रात्री आजूबाजूच्या वस्त्यांवर जात. अंधारात लोक एका घरात जमत. पापनिवेदन, बाळांचा स्नानसंस्कार, राहून गेलेली लग्नं, मग मिस्सा. उजाडायच्या आत सगळे आपापल्या कामाला, आणि फादर दुसऱ्या गावाच्या वाटेला. सगळ्या गावाला माहीत, पण बाहेर एक शब्द जायचा नाही.

याची किंमतही मोजावी लागली. 1689 च्या नाताळच्या रात्री लोक मिस्सासाठी जमले असताना डच शिपाई आत शिरले. वाझ निसटले, पण बरीच माणसं पकडली गेली. काहींना निर्दयपणे फटके मारले आणि त्यात एक जण मरण पावला. धर्मगुरू कुठे आहे हे सांगून टाकलं असतं तर कदाचित सुटले असते. त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर वाझ डचांच्या हद्दीबाहेर, कँडीच्या राज्यात गेले. आधी किनाऱ्यावरचं पुत्तलम, मग 1692 मध्ये डोंगरातली राजधानी कँडी. तिथे पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. कैदेत बसून ते सिंहली शिकले. पुढे 1696 मध्ये मोठा दुष्काळ पडला. राजा दुसरा विमलधर्मसूर्य याच्या सांगण्यावरून त्यांनी चौकात वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस आला, अशी कथा तिथले ख्रिस्ती आजही सांगतात. त्यानंतर राजानं त्यांना मोकळेपणी काम करू दिलं. 1697 मध्ये देवीची साथ आली. राजा आणि सरदार शहर सोडून गेले, घरोघरी आजारी माणसं टाकून नातेवाईक पळाले. वाझ आणि त्यांचे तरुण सहकारी मागे राहिले. टाकून दिलेल्यांना खाऊ घातलं, धुतलं, मेलेल्यांना पुरलं. आजारी माणसाचा धर्म त्यांनी विचारला नाही. जाफन्यात मिळालेली पेज ते विसरले नव्हते, एवढंच मी म्हणेन.

पण मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट पावसाची किंवा देवीच्या साथीची वाटत नाही. ती आहे किनाऱ्यावरच्या छोट्या छोट्या धर्मग्रामांची. मन्नार, पुत्तलम, नेगोंबो, कोलंबो, अशी गावं शेकडो आणि धर्मगुरू मोजके. गोव्याहून एकेक करून सहकारी येत गेले, 1705 मध्ये दिवाडीचे याकोम गोन्साल्विस आले. तरी एखाद्या वस्तीत फादर वर्षातून एखाददुसऱ्यांदाच पोचणार. मग बाकीच्या दिवसांचं काय?

वाझ यांनी त्या गावातल्याच माणसांवर जबाबदारी टाकली. वस्तीचा एक म्होरक्या, त्याला मुप्पू म्हणत. प्रार्थना म्हणवून घेणारा आणि मुलांना शिकवणारा तो अण्णावी. रविवारी लोकांना एकत्र आणायचं, प्रार्थना म्हणायची. बाळ जन्मलं आणि जगेल असं वाटत नसेल, तर त्याला स्नानसंस्कार द्यायचा. कोणी शेवटचे श्वास मोजत असेल तर त्याच्याजवळ बसून प्रार्थना करायची. मयत झालं तर पुरायची व्यवस्था बघायची. कोण उपाशी आहे, कोणाच्या घरात भांडण आहे, हे फादर आले की सांगायचं. प्रार्थना लोकांच्या भाषेत, तमिळ आणि सिंहलीत. हे सगळं करणारी माणसं मासे धरणारी, शेती करणारी. धर्मग्राम त्यांच्या खांद्यावर उभा राहिला.

16 जानेवारी 1711 रोजी कँडीत वाझ यांचा मृत्यू झाला. वय 59. श्रीलंकेत गेल्यावर ते गोव्याला परतलेच नाहीत. पुढे शंभराहून जास्त वर्षं गोव्याहून धर्मगुरू तिथे जात राहिले. 1995 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबोत त्यांना धन्य घोषित केलं आणि 14 जानेवारी 2015 रोजी तिथेच पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिलं. त्यांची कबर मात्र आज कोणाला दाखवता येत नाही. कँडीतलं ते चर्च पुढे राहिलं नाही आणि जागेची खूण बुजली. त्यांच्या नावानं दाखवता येतात ती त्या किनाऱ्यावरची गावं. तिथे आजही घंटा वाजते.

आता आपल्याकडे येऊ.

मी मूळचा किनाऱ्यावरच्या गावातला. गावी कोणी आजारी पडलं तर मिस्सा सुटेपर्यंत सगळ्यांना कळलेलं असायचं. आता शहरात, सातव्या मजल्यावर राहतो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक आजी चर्चमध्ये दिसेनाशा झाल्या. त्या नेहमी माझ्या पुढच्या बाकावर बसायच्या. पाच रविवार बाक रिकामा होता. माझ्या ते लक्षातही आलं होतं. पण मी मनात म्हटलं, चर्चमधलं कोणीतरी बघत असेल, फादरना माहीत असेल. सहाव्या रविवारी त्यांच्या मयताची घोषणा ऐकली. त्यांच्या घरापासून माझं घर चालत चार मिनिटांवर आहे.

आजच्या पहिल्या वाचनात इस्राएली लोक शमुवेलकडे राजा मागतात. आमचं सगळं बघणारा एक कोणीतरी दे. मला त्यात मी दिसलो. मलाही असंच हवं असतं. फादर बघतील, कमिटी बघेल, ग्रुपवर कोणीतरी मेसेज टाकेल. मी रविवारी येईन, मिस्सा ऐकेन आणि जाईन. जाफन्यातल्या त्या बाईनं असा विचार केला असता तर आज आपण हा दिवस पाळत नसतो.

एका माणसाला बाज उचलता येत नाही, चौघे लागतात. पण चौघांपैकी पहिला कोणीतरी वाकावा लागतो. या आठवड्यात आपल्या पुढच्या बाकावर कोण नाही, ते बघूया. फोन करूया, शक्य असेल तर जाऊया. डब्यात पेज नेली तरी चालेल.

प्रार्थना

हे प्रभू येशू, त्या चौघांचा विश्वास पाहून तू बाजेवरच्या माणसाला उठवलंस. तुझा सेवक संत जोसेफ वाझ यांना तू आधी घेणारा केलंस आणि मग देणारा. आम्हालाही आमच्या धर्मग्रामात एकमेकांचं ओझं उचलायला शिकव. ज्या घराच्या दारापर्यंत आम्ही पोचलो नाही, त्याबद्दल आम्हाला क्षमा कर, आणि ज्या दारापर्यंत अजून पोचता येईल, तिथे आज आम्हाला घेऊन जा. आमेन.