अमिताभने ज्याचं नाव घराघरात पोचवलं, तो खरा अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवाला होता

ईस्टरची पार्टी सुरू आहे. मधोमध एक भलंमोठं अंडं ठेवलंय. ते उघडतं आणि आतून टॉप हॅट, कोट आणि हातात छत्री घेतलेला अमिताभ बाहेर येतो. आपलं नाव सांगतो आणि तोंडाला येईल ते इंग्रजी बडबडत नाचायला लागतो.

१९७७ साली आलेल्या 'अमर अकबर अँथनी'मधला हा सीन माहीत नाही असा माणूस सापडणं अवघड आहे. लग्नाची वरात असो, गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो नाहीतर कॉलेजचं गॅदरिंग, हे गाणं वाजतंच.

पण अँथनी गोन्साल्विस हे नाव काही सिनेमासाठी शोधून काढलेलं नव्हतं. या नावाचा खराखुरा माणूस होता. तो व्हायोलिन वाजवायचा, शिकवायचा आणि सिम्फनी लिहायचा. गाणं गाजलं तेव्हा तो फिल्म इंडस्ट्री सोडून कधीचा निघून गेला होता.

हा माणूस आपल्या शेजारचाच. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने मडगावला निघालात की मडगावच्या जरा आधी माजोर्डा नावाचं स्टेशन लागतं. तेच त्यांचं गाव. पूर्ण नाव अँथनी प्रभू गोन्साल्विस. जन्म १२ जून १९२७ चा.

तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना प्रार्थनेसोबत संगीतही शिकवलं जायचं. पाश्चात्त्य पद्धतीचं नोटेशन वाचायचं, आवाज लावायचा आणि व्हायोलिन धरायचं. हे सगळं शिकवणाऱ्या मास्तरला गोव्यात मेस्त म्हणतात. अँथनी यांचे वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंद सांभाळायचे. त्यामुळे संगीताची शाळा घरातच भरत होती.

पण गोव्यात संगीत शिकून पोट भरणं अवघड. नोटेशन वाचता येणारे कित्येक गोवेकर तेव्हा मुंबई गाठायचे. धोबी तलावच्या आसपास गावागावांच्या नावाने चालणाऱ्या 'कूड' होत्या. तिथे स्वस्तात पथारी टाकायला जागा मिळायची. कुणी हॉटेलातल्या बँडमध्ये लागायचा, तर कुणी बोटीवर. आणि ज्याचं नशीब चांगलं त्याला फिल्म स्टुडिओत काम मिळायचं.

१९४३ साली अँथनीही मुंबईत आले. वय होतं फक्त सोळा. संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात त्यांना व्हायोलिनवादक म्हणून काम मिळालं.

संगीतकाराची चाल आणि अरेंजरचं काम

आपण म्हणतो की अमुक गाणं नौशादचं, तमुक गाणं एस. डी. बर्मनचं. ते खरंच आहे, कारण चाल त्यांची असते. पण त्या काळी बरेच संगीतकार चाल हार्मोनियमवर बसवायचे आणि गाऊन दाखवायचे. समोर तीस-चाळीस वादक बसलेले. गायकाच्या मागे कुणी काय वाजवायचं, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत व्हायोलिन कुठून कुठे जाणार, बासरी कधी येणार, हे कुणीतरी कागदावर लिहून प्रत्येकाच्या हातात द्यावं लागायचं.

हे काम करणारा तो अरेंजर. रेकॉर्डिंगला गायक आणि वादक एकत्र वाजवायचे, आजच्यासारखं तुकडे जोडायची सोय नव्हती. एकाने चूक केली की सगळं पहिल्यापासून. म्हणजे कागदावरचं लिखाण पक्कं नसेल तर गाणं होणारच नाही.

हे लिहिणारे बहुतेक गोवेकर होते. पण सिनेमाच्या सुरुवातीला नावांची पाटी यायची तेव्हा त्यांचं नाव बऱ्याचदा गायब असायचं. फार तर सहाय्यक म्हणून यायचं. अँथनी आधी वादक आणि मग अरेंजर म्हणून याच जगात उभे राहिले.

दोन संगीतं, आणि मधे उभा असलेला माणूस

स्टुडिओत आलेले बरेच गोवेकर वादक पाश्चात्त्य संगीतावर वाढलेले. राग वगैरे प्रकार त्यांना परका. समोरच्या कागदावरचं वाजवायचं, पैसे घ्यायचे आणि घरी जायचं. अँथनी मात्र हिंदुस्थानी संगीताच्या प्रेमात पडले. त्यांना दोन्ही संगीतं एका जागी आणायची होती.

हे वाटतं तितकं सोपं नाही. आपलं रागसंगीत एका सुरावटीवर चालतं. पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी अनेक सूर एकावर एक रचले जातात, त्याला हार्मनी म्हणतात.

आता वृंदावनी सारंग घ्या. या रागात गंधार आणि धैवत लागतच नाहीत. उलट हार्मनीतली सगळ्यात साधी रचना सा, ग आणि प मिळून होते. म्हणजे सवयीने ही साधी रचना वाजवली की गंधार वाजला आणि राग मोडला. रागही टिकवायचा आणि शंभर वाद्यं वेगवेगळे सूरही वाजवणार, असं लिहायचं तर दोन्हीकडचं व्याकरण तोंडपाठ हवं.

अँथनी यांनी ते करून दाखवायचं ठरवलं. १९५८ साली त्यांनी स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. शंभराहून जास्त वादक जमवले. जागा होती सेंट झेवियर्स कॉलेजचं आवार. गोवेकर वादकांच्या कुडी जिथे होत्या, त्या धोबी तलावाच्या अगदी शेजारी.

या ऑर्केस्ट्राने अँथनी यांनी स्वतः लिहिलेल्या रचना वाजवल्या. त्यात 'सोनाटिना इंडियाना' होती आणि सारंग रागातला कॉन्चेर्टोही. कॉन्चेर्टो म्हणजे एक वादक पुढे आणि अख्खा ऑर्केस्ट्रा त्याच्याशी बोलतोय अशी रचना. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते.

फ्यूजन हा शब्द आज चहाच्या दुकानावरही दिसतो. हा माणूस १९५८ सालीच शंभर वादक घेऊन ते करत होता.

शिष्य मात्र गाजले

अँथनी यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांत पुढे संगीतकार झालेले दोघं होते. एक आर. डी. बर्मन आणि दुसरा प्यारेलाल शर्मा. प्यारेलालचे वडील रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवायचे. त्यांचा मुलगा अँथनी यांच्याकडे व्हायोलिन शिकला आणि पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतला अर्धा भाग झाला. या जोडीच्या गाण्यांत व्हायोलिनचा जो मोठा ताफा ऐकू येतो, त्याची मुळं या शिकवणीत आहेत.

१९६५ साली अँथनी अमेरिकेला गेले. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्युज विद्यापीठाने त्यांना शिष्यवृत्ती दिली होती. काही वर्षांनी ते परत आले, पण स्टुडिओत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. थेट माजोर्ड्याला जाऊन राहिले.

मग आला 'अमर अकबर अँथनी'. दिग्दर्शक मनमोहन देसाई, गीतकार आनंद बक्षी आणि संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल. असं सांगितलं जातं की अमिताभच्या पात्राचं आडनाव आधी फर्नांडिस ठरलं होतं. ते गाण्यात नीट बसेना. तेव्हा प्यारेलाल यांना आपले गुरू आठवले आणि फर्नांडिसचा गोन्साल्विस झाला.

शिष्याने वाहिलेली ही गुरुदक्षिणा होती. पण झालं असं की नाव देशभर पोचलं आणि माणूस त्याच्या मागे झाकला गेला. अँथनी गोन्साल्विस म्हटलं की लोकांना दारू पिऊन आरशाशी बोलणारा अमिताभ आठवायला लागला. ज्या माणसाने आयुष्यभर पाटीवर नाव नसलेलं काम केलं, त्याचं नाव शेवटी पडद्यावर आलं ते दुसऱ्याच्या पात्राला चिकटून.

उशिरा का होईना, काही जणांनी खऱ्या अँथनी यांचा शोध घेतला. मराठी सिनेसमीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. १८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यात अँथनी यांचं निधन झालं. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. बातम्या आल्या, पण बहुतेक मथळ्यांत अमिताभचं गाणं होतंच.

चाळीस-पन्नासच्या दशकातलं एखादं गाणं लावलंत तर एकदा गायकाकडे थोडं दुर्लक्ष करून बघा. दोन ओळींच्या मधे व्हायोलिनचा एक झोत येतो आणि गायकासाठी जागा करून मागे सरकतो. तो कागदावर लिहिणारा माणूस बहुतेक वेळा गोव्यातल्या कुठल्यातरी गावाचा असतो आणि पाटीवर त्याचं नाव नसतं.